पिशवी, गिझर आणि पनीर: घरातल्या पर्यावरणाचा हिशेब कसा मांडायचा

एक पातळ प्लास्टिकची पिशवी तयार होताना साधारण २० ते ३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेच्या गिझरवर आंघोळीची एक बादली तापवली की सुमारे २५० ग्रॅम जातो. एका बादलीत दहा पिशव्या. तरी ओशाळल्यासारखं वाटतं ते भाजीवाल्याकडे पिशवी मागताना. गिझरचं बटण दाबताना मनात काहीच येत नाही.

म्हणून पिशवी निरुपद्रवी ठरत नाही. तिचा उपद्रव कार्बनचा नाहीच मुळी. तो नाल्यांचा, गुरांच्या पोटाचा आणि समुद्राचा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि नाले का तुंबले याच्या चर्चेत प्लास्टिकचं नाव पुढे आलं. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तीही कचऱ्यापायी.

‘हे पर्यावरणपूरक आहे का?’ या प्रश्नाला म्हणूनच नीट उत्तर मिळत नाही. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत: नुकसान कोणत्या प्रकारचं, आणि किती? माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांची तळमळ खरी असते, पण ती चुकीच्या ठिकाणी खर्च होते. ती योग्य जागी कशी लावायची, त्याची ही रीत.

पहिली पायरी: चार खाती वेगळी ठेवा

कोणत्याही वस्तूसमोर चार खाती मांडा. पहिलं हवेचं: कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे उष्णता कोंडणारे वायू, आणि धूर. दुसरं पाण्याचं: किती लागतं आणि कुठलं लागतं. तिसरं कचऱ्याचं: वापरून झाल्यावर ती कुठे जाते आणि किती वर्षं राहते. चौथं सजीवांचं: मासे, जंगल, माती, आणि ते काम करणारी माणसंही.

ही खाती एकमेकांत मिळवायची नाहीत. दहा लिटर पाणी आणि शंभर ग्रॅम कार्बन यांची बेरीज होत नाही. पण आपण कुठल्या खात्याबद्दल बोलतोय हे ठरलं की अर्धे वाद मिटतात. घरात एक जण स्टीलच्या ताटांचा आग्रह धरतो आणि दुसरा पत्रावळीचा, तेव्हा एक कचऱ्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा पाण्याबद्दल. दोघांचंही बरोबर असू शकतं.

दुसरी पायरी: चार आकडे पाठ करा आणि बिलं काढा

कार्बनच्या खात्यासाठी फार शिकावं लागत नाही. आपल्या देशाच्या ग्रिडवरची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो, डिझेल २.७ किलो. स्वयंपाकाचा गॅस किलोमागे ३ किलो, म्हणजे १४.२ किलोची पूर्ण टाकी सुमारे ४२ किलो. इंधन काढणं, शुद्ध करणं, पोचवणं धरलं तर यात थोडी भर पडते, पण तुलनेसाठी एवढं पुरतं.

आता वर्षभराची वीजबिलं काढा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे एकच बिल हाती असलं तरी बरंच काम होतं. टाक्या किती लागल्या ते बुकिंगच्या मेसेजवरून कळेल. गाडीच्या मीटरवरून किलोमीटर घ्या आणि मायलेजने भागा.

समजा, पुण्यातलं चार माणसांचं घर आहे. महिन्याला १५० युनिट, वर्षाला आठ टाक्या, दोन स्कूटर प्रत्येकी ८,००० किलोमीटर, आणि चौघांची विमानाने एकदा दिल्लीवारी. विजेचे १,२६० किलो, गॅसचे ३४०, स्कूटरचे ८०० च्या आसपास. एका माणसामागे एका बाजूचे साधारण १०० किलो धरले तर दिल्लीच्या विमानाचेही ८००. या घराने वर्षात तीनशे प्लास्टिक पिशव्या आणल्या तर त्यांचे सात-आठ किलो.

चार दिवसांची सहल आणि दोन स्कूटरचं वर्ष सारखं वजन दाखवतात, हे स्वतःच्या आकड्यांवर एकदा पाहिलं की कुठे हात घालायचा ते कोणी सांगावं लागत नाही. त्यासाठी हा हिशेब कागदावरच करावा. अंदाज नेहमी आवडत्या गोष्टीच्या बाजूने झुकतो.

तिसरी पायरी: वस्तू असेल तर ‘किती वेळा’ हे विचारा

टिकाऊ वस्तू बनवताना जास्त खर्ची पडतं आणि ते वापरातून वसूल व्हावं लागतं. कापडी पिशवी हे याचं नेमकं उदाहरण. ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, हवामानाच्या दृष्टीने सुती पिशवी एकदाच वापरायच्या प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानापुरता हा आकडा ५२ होता. आणि पाणी, ओझोन वगैरे सगळी खाती एकत्र धरून, सर्वांत वाईट खात्यावर बोट ठेवलं तर ७,१००. तो शेवटचा आकडा समाजमाध्यमांवर फिरतो आणि ‘म्हणजे प्लास्टिकच बरं’ असा निष्कर्ष काढला जातो. तसं त्यात नाही. उकिरड्यावर, नाल्यात, समुद्रात पसरलेल्या प्लास्टिकचं नुकसान त्या मोजमापात नव्हतंच.

आपल्यासाठी यातून निघणारं व्यवहाराचं सूत्र साधं आहे. आठवड्यातून दोनदा भाजीला जाणाऱ्या माणसाची एक सुती पिशवी दीड वर्षात आपला खर्च फेडते. प्रत्येक परिसंवादात, लग्नात, दुकानाच्या वर्धापनदिनी मिळालेल्या आठ पिशव्या कपाटात पडून राहिल्या तर एकही फेडत नाही. नव्या पिशव्या घेऊ नका, भेट मिळाली तर नम्रपणे परत करा. जुन्या साडीची किंवा चादरीची शिवलेली पिशवी मात्र पहिल्या दिवसापासून फायद्यात, कारण तिच्यासाठी कापूस पिकलाच नाही.

हाच नियम स्टीलच्या बाटलीला, काचेच्या डब्यांना आणि बांबूच्या ब्रशला लावा. स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे डबे काढून काचेचे आणावेत असं वाटत असेल तर थांबा: पर्यावरणापुरतं बोलायचं तर घरात असलेला डबा हाच सर्वांत हलका. त्यात गरम आमटी ओतू नका, डाळ-तांदळाला ठेवा, आणि फुटेल तेव्हा बदला.

चौथी पायरी: उष्णता आणि गारवा

घरातल्या वीज-गॅसचं सर्वांत जास्त वजन इथे असतं, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पाणी तापवणं. पंधरा लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. चार माणसं, दिवसाला चार बादल्या, आणि टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून दीड युनिट. वर्षातले दोनशे दिवस जरी धरले तरी दोनशे किलोंवर कार्बन. तेच पाणी गॅस गिझरवर तापवलं तर निम्म्याहून कमी, कारण कोळसा जाळून वीज आणि विजेपासून पुन्हा उष्णता या फेऱ्यात बरंच वाया जातं. पण गॅस गिझर बंद न्हाणीघरात कधीही बसवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा. गच्ची तुमची असेल तर सोलर वॉटर हीटरला तोड नाही. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर महाराष्ट्रात तो वर्षभर चालतो.

कोकणात अजून बंब पेटतो. झावळ्या, सोडणं, पडलेल्या फांद्या अशा परसातल्याच जळणावर चालणाऱ्या बंबाचं कार्बनचं खातं जवळजवळ कोरं आहे. मात्र त्याच्या शेजारी बसून जाळ सारणारीच्या फुप्फुसाचं खातं कोरं नाही. बंब ठेवायचा तर उघड्यावर आणि वाळलेल्या जळणावर.

शेगडी. ‘गॅस सोडा, इंडक्शन घ्या’ हा सल्ला परदेशातून जसाच्या तसा आला आहे. आपल्याकडे आकडे मांडून पाहा. एका टाकीत साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली साठ-पासष्ट टक्के भांड्यात जाते. तेवढंच काम इंडक्शनवर करायला १३० ते १४० युनिट वीज लागते, म्हणजे ९० किलोंहून जास्त कार्बन, टाकीचे ४२. आजच्या ग्रिडवर गॅस हलका आहे. छपरावर सोलर असेल आणि स्वयंपाक दुपारी होत असेल तर उत्तर पूर्ण उलटं. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढतोय, आणि इंडक्शनने स्वयंपाकघरात ज्वलनाचा धूर होत नाही, हेही खरं. शेगडी मोडली नसेल तर बदलायची घाई नको, आणि झाकण, प्रेशर कुकर, भिजवलेली कडधान्यं यांनी वाचणारा गॅस आजपासून वाचवा, असं माझं मत. चुलीवरून येणाऱ्या घराने मात्र गॅस की इंडक्शन असा खल करू नये. जे आधी मिळेल ते घ्यावं.

पंखा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, तीसच्या आसपास. दिवसाला बारा तास आणि वर्षाला तीनशे दिवस फिरला तर एका पंख्यामागे १६० युनिट वाचतात, म्हणजे ११० किलो. युनिटला आठ-दहा रुपये धरले तर पंख्याची किंमत दोन-अडीच वर्षांत निघते. इथे चालू असलेली वस्तू बदलणं योग्य आहे, कारण पंख्याचं जवळजवळ सगळं वजन वापरात आहे, घडणीत फार थोडं. सर्वांत जास्त फिरणारा पंखा आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला शेवटी, किंवा कधीच नाही.

एसी. तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, म्हणून २४ च्या खाली जाऊ नका. पंखा जोडीला लावला तर २६ ही चालतं. त्याहून महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे आतला गॅस. जुन्या एसीतला आर-४१०ए हा वायू उष्णता कोंडण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,००० पट प्रभावी आहे, नव्यातला आर-३२ सुमारे ६७५ पट. जुन्या एसीतून एक किलो गॅस गळाला तर ते साडेआठशेहून जास्त लिटर पेट्रोल जाळल्यासारखं आहे. त्यामुळे ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ म्हणणाऱ्या कारागिराला आधी गळती शोधून बुजवायला सांगा. गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळलाच. आर-२९० वर चालणारे एसीही मिळतात. त्यांचा हा भार नगण्य आहे, पण तो वायू ज्वलनशील असल्याने बसवायला प्रशिक्षित माणूस हवा.

पाचवी पायरी: प्रवास

पेट्रोल स्कूटर किलोमीटरला साधारण ५० ग्रॅम, कोळशाच्या विजेवर चार्ज होणारी इलेक्ट्रिक स्कूटर सुमारे २५. तीन युनिट क्षमतेची बॅटरी बनवताना अंदाजे २०० ते ३०० किलो कार्बन खर्ची पडतो. किलोमीटरमागे २५ ग्रॅम वाचवत तो फिटायला आठ ते बारा हजार किलोमीटर लागतात. रोज पंचवीस किलोमीटर कापणाऱ्याचं वर्षा-सव्वा वर्षात फिटतं. वर्षाला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त माणसाला पाच वर्षं लागतील; त्याने जुनी गाडी नीट ठेवावी, टायरची हवा तपासावी, आणि शक्य तिथे बस घ्यावी. गल्लीतला धूर आणि आवाज जातो हा फायदा मात्र पहिल्या दिवसापासून आहे, आणि शाळेसमोर राहणाऱ्याला तो कार्बनपेक्षा मोठा वाटणं स्वाभाविक आहे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. त्याने खनिज कार्बन कमी होतो खरा, पण ते उसापासून आलं असेल तर भार हवेच्या खात्यातून पाण्याच्या खात्यात गेला. ‘हरित इंधन’ अशी पाटी वाचून जास्त गाडी चालवायचं कारण नाही.

विमानाबद्दल मी जरा ठाम आहे. मुंबई–दिल्ली विमानाचे माणशी १०० किलो, आणि रेल्वेने जाणाऱ्याच्या वाट्याला त्याचा फार थोडा अंश येतो. रात्रीची गाडी मिळत असेल तर घ्या. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे सांगणं अवघड आहे. न्यूयॉर्कहून मुंबईला येऊन-जाऊन माणशी दोन टनांच्या घरात जातात, आणि आईवडील इथे असतात. येणं थांबवा असं कोणीही म्हणू नये. दोन छोट्या खेपांऐवजी एक लांबलचक मुक्काम करता आला तर करावा. हापूसचंही असंच: विमानाने अमेरिकेत गेलेल्या एक किलो आंब्यामागे बारा किलोंच्या आसपास कार्बन जातो, तर ट्रकने काश्मीरहून महाराष्ट्रात आलेल्या एक किलो सफरचंदामागे अर्धा किलोही नाही. ‘स्थानिक खा’ या सल्ल्यात अंतरापेक्षा वाहन महत्त्वाचं. विमानाने आलेली ब्लूबेरी आणि शतावरीचे कोंब सोडलेत तर बाकीच्या अंतराची फार काळजी नको.

सहावी पायरी: ताट

ताटाचा हिशेब बहुतेक शाकाहारी घरांना अस्वस्थ करेल. जगभराच्या सरासरीने, आणि मिथेनही कार्बन डायऑक्साइडच्याच मापात धरून, एक किलो डाळीमागे एक-दोन किलो कार्बन, अंड्यांमागे साडेचार-पाच, चिकनमागे सहा ते दहा, मटणामागे २४ ते ४०. लिटरभर दुधामागे सुमारे तीन. आता पनीर: किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागतं, म्हणजे पंधराच्या पुढे-मागे. पनीर चिकनपेक्षा जड आणि अंड्यांच्या जवळजवळ तिप्पट. कारण मिथेन: रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तो तयार होतो, कोंबडीच्या नाही.

रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराचे वर्षाला दीड टनाहून जास्त होतात. वर मांडलेल्या विजेच्या पूर्ण बिलापेक्षा अधिक.

या आकड्यावर लगेच दूध बंद करू नये, कारण इथे चौथं खातं बोलतं. आपल्याकडची गाय-म्हैस बऱ्याच अंशी कडबा, भुसा, पेंड खाते, म्हणजे माणसाला न खाता येणारं. तिचं शेण शेतात जातं. आणि दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे मिळतात. मुलांच्या पोषणात दुधाला पर्याय शोधणं बऱ्याच घरांना परवडत नाही. म्हणून माझं सुचवणं एवढंच: दूध पिण्यासाठी असू द्या, पनीर रोजची भाजी होऊ देऊ नका. सणावारी उरून फेकल्या जाणाऱ्या बासुंदी-श्रीखंडाचा अंदाज नीट घ्या. आठवड्यातल्या दोन पनीरच्या भाज्यांच्या जागी मटकीची उसळ, पिठलं किंवा छोले आले तर चवीचं काही बिघडत नाही.

भात आणि भाकरीत दोन खाती वेगवेगळं सांगतात. पाणी साचलेल्या भातखाचरातून मिथेन निघतो, म्हणून तांदूळ हवेच्या खात्यावर जड आहे. पण कोकणातला भात पावसावर येतो, त्याला धरणाचं पाणी लागत नाही. सोलापूरकडची रब्बी ज्वारी, मालदांडी, जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर पिकते, कडबाही देते. हवा आणि पाणी दोन्ही खात्यांवर तिच्याइतकं हलकं धान्य आपल्याकडे क्वचित आहे. रात्रीच्या जेवणात भाकरी परत आणणं हा या लेखातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी खर्चाचा बदल आहे असं मला वाटतं.

ऊस हा पाण्याच्या खात्यावरचा सर्वांत मोठा आकडा. राज्यातल्या लागवडीखालच्या जमिनीचा अगदी लहान तुकडा ऊस व्यापतो आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो. साखरेऐवजी गूळ घेतल्याने यात फरक पडत नाही. ऊस तोच, पाणी तेच. चहातला एक चमचा कमी केला तर पडतो.

माशांकडे कार्बनच्या नजरेने पाहू नका, सजीवांच्या खात्यातून पाहा. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं गेलं, तेही त्याचं प्रमाण घटतंय म्हणून. तळहाताहून लहान पापलेट अंडी घालण्याआधीच टोपलीत आलेलं असतं. ते मागू नका आणि ताजं आहे म्हणून सांगितलं तरी घेऊ नका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुकट, बोंबील, जवळा आहेच.

आणि सगळ्यांत वर: फेकलेलं अन्न. भारतात घराघरांतून माणशी वर्षाला पन्नास-पंचावन्न किलो अन्न वाया जातं असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. फेकलेल्या भातात त्याचा मिथेन, पाणी आणि गॅस तिन्ही गेले. शिळ्या भाताचा फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा या पद्धती कोणत्याही महागड्या ‘इको’ वस्तूपेक्षा जास्त काम करतात.

सातवी पायरी: गाव बदललं की उत्तर बदलतं

आरओ फिल्टर एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. रोज पिण्या-स्वयंपाकाला पंधरा-वीस लिटर घेणाऱ्या घरातून वर्षाला पंधरा हजार लिटर जातात, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओ नको असं म्हटलं होतं. धरणातून नळाने येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाण्यात ते सहसा त्याच्या खूप खाली असतात. हे क्षार मोजणारा, काही शे रुपयांचा टीडीएस मीटर आणा आणि मोजा. कमी निघाले तर साधा फिल्टर आणि जंतू मारणारा यूव्ही दिवा पुरे. मात्र हा मीटर जंतू दाखवत नाही, त्यामुळे निर्जंतुकीकरण सोडायचं नाही.

पण हाच सल्ला अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात देणं चूक आहे, आणि यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइड असलेल्या बोअरच्या गावांत तर धोक्याचं. तिथे आरओ हवाच. सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी आणि संडाससाठी वापरा. झाडांना मात्र क्षार तपासूनच घाला.

ताटांचंही तसंच. मुंबई-पुण्यात वाढदिवसाला स्टीलची ताटं भाड्याने आणणं उत्तम. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा टँकरवरच्या गावात शंभर ताटं घासण्यापेक्षा पळसाच्या पानांची पत्रावळ बरी, ती नंतर खड्ड्यात कुजते. चकाकणारा कागदी द्रोण आणि कागदी कप यांना मात्र आतून प्लास्टिकचा थर असतो. ते दोन्ही खात्यांवर नापास.

आठवी पायरी: ओला कचरा

यावर फार लिहिण्यासारखं नाही, करण्यासारखं आहे. डेपोवर ढिगात, हवेविना कुजलेला ओला कचरा मिथेन सोडतो आणि आगीही लावतो; देवनारचं २०१६ चं जळतं डंपिंग ग्राउंड आठवत असेल. घरी छिद्रांच्या बादलीत ओल्याइतकीच सुकी पानं घाला, आठवड्यातून दोनदा खालीवर करा. घाण वास यायला लागला म्हणजे हवा कमी पडतेय, आणि तिथेही मिथेन होतोय. पानं वाढवा. सुका कचरा धुऊन, पुसून, वेगळा द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका दारी येतात. दुधाची रिकामी पिशवी धुऊन दिली तर तिचे त्यांना पैसे होतात, आंबूस दिली तर ती डेपोवरच जाते. कोपरा कापताना तुकडा वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा कोणीच उचलत नाही.

नववी पायरी: खाती भांडली तर

गणपतीच्या मूर्तीचं घ्या. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, नदीच्या तळाशी महिनोन्महिने पडून राहते. शाडूची विरघळते, पण शाडूची माती कुठून तरी खणून, ट्रकने आलेली असते, आणि हजारो मूर्ती एकाच घाटावर गेल्या तर तीही गाळच. इथे कोणतं खातं जड धरायचं? मी तीन कसोट्या लावते.

पहिली, नुकसान भरून येणारं आहे का? नदीचा तळ बुजला, माशांची पैदास थांबली, भूजल खाली गेलं की लवकर परत येत नाही. असं नुकसान आधी टाळायचं. दुसरी, ते कोणाच्या दारात जातं? आपल्या सोयीचा भार कचरावेचक, कोळी किंवा टँकरची वाट पाहणाऱ्या बाईवर पडत असेल तर तो जड धरायचा. तिसरी, फरक किती? दोन पर्यायांत वीस-तीस टक्क्यांचाच फरक दिसत असेल तर विचार सोडून द्या, जे स्वस्त आणि सोयीचं ते करा. आपले आकडे तेवढे अचूक नसतातच.

या कसोट्यांवर मूर्तीचं उत्तर येतं: लहान मूर्ती, शाडूची, घरच्या बादलीत विसर्जन, आणि खाली बसलेली माती पुढच्या वर्षासाठी मूर्तिकाराला किंवा कुंडीला. घरात आधीच प्लास्टरची मूर्ती आली असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दाखवलेली रीत आहे: अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ती विरघळते, तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, जे पातळ करून झाडांना खत म्हणून चालतं. विसर्जनाच्या दिवसांत पुणे महापालिकेने हे रसायन वाटलेलंही आहे.

दहावी पायरी: एकट्याच्या आवाक्याबाहेरचं सोसायटीत न्या

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गच्ची सामायिक, पाण्याचा पंप सामायिक, जिन्यातले दिवे सामायिक. एक किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चार युनिट देतं, वर्षाला जवळपास एक टन कार्बन वाचवतं. एका माणसाने वर्षभर जपून वागून एवढं वाचवणं फार कठीण आहे. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहसंस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान जाहीर झालं आहे. अर्जाआधी सध्याचे नियम पाहून घ्या. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते, म्हणून जुलैपासून तयारी हवी: सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं, गच्चीवर सावली न पडणाऱ्या जागेचं मोजमाप, दोन कंत्राटदारांची दरपत्रकं, आणि टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा फ्लोट बसवण्याचा खर्च. विषय कार्यसूचीत लेखी द्या. सभेत वाचवलेल्या रुपयांचा आकडा आधी सांगा आणि कार्बनचा नंतर. वरच्या मजल्यावरचे रहिवासी गच्ची गळण्याची शंका काढतील. ती शंका रास्त असते, त्यामुळे वॉटरप्रूफिंग आधी की पॅनेल आधी याचं उत्तर कंत्राटदाराकडून लेखी घेऊनच सभेला जा.